कौन्सिलचा फ्लॅट परत कौन्सिललाच विकायचा असेल तर

लंडनमध्ये पहिलं घर शोधताना आपली बरीच मंडळी हिंडून हिंडून शेवटी एक्स-कौन्सिल फ्लॅटपाशी, म्हणजे कौन्सिलने (तिथल्या स्थानिक पालिकेने) भाड्याने द्यायला बांधलेल्या आणि पुढे विकलेल्या फ्लॅटपाशी, येऊन थांबतात. खोल्या ऐसपैस, स्टेशन चालत जाण्याजोगं आणि किंमत शेजारच्या खासगी इमारतीपेक्षा कमी. अडचण येते ती विकताना. गिऱ्हाईक मिळतं, त्याला फ्लॅट आवडतो आणि मग त्याची बँक पाय मागे घेते. इमारत फार उंच आहे, बांधकाम काँक्रीटच्या तयार पॅनेलचं आहे, नाहीतर बाहेरच्या भिंतींच्या अग्निसुरक्षेचा कागद नाही. १९६८ साली न्यूहॅममधल्या रोनन पॉइंट टॉवरचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने कोसळला, तेव्हापासून पॅनेलच्या इमारतींवर संशय आहेच. २०१७ मध्ये ग्रेनफेलला आग लागली आणि उंच इमारतींबाबत बँका आणखी सावध झाल्या.

मग कोणीतरी सुचवतं, कौन्सिललाच विचारून बघा की. सल्ला चांगला आहे. कौन्सिलला गृहकर्ज लागत नाही आणि तिचं स्वतःचं घर आधी विकलं जायची वाट बघावी लागत नाही. पण या व्यवहारात तुमचा घरमालक, तुम्हाला बिलं पाठवणारा आणि तुमचं गिऱ्हाईक हे तिन्ही एकच असतात, हे पहिल्या ईमेलपासून शेवटच्या सहीपर्यंत लक्षात ठेवायचं. कौन्सिल फसवते असं माझं म्हणणं नाही. तिचे तीन विभाग एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, आणि त्यांच्या मधल्या फटीत पैसे जातात ते तुमचे.

खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये राइट टू बाय, म्हणजे भाडेकरूचा आपलं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क, बंद केलं. तिथले नियम वेगळे.

तुमच्या हातात नेमकं काय आहे

नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर घेतलेल्यांना हे पटकन कळेल: घर तुमचं, पण मुदतीपुरतं. कौन्सिलचे फ्लॅट बहुतेक १२५ वर्षांच्या लीजवर विकले गेले. इमारत, जिने, छप्पर, बाहेरच्या भिंती, बऱ्याचदा खिडक्यासुद्धा कौन्सिलच्याच. ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला १० पौंड, म्हणजे नावापुरतं. खरा खर्च सर्व्हिस चार्जचा, म्हणजे इमारतीच्या देखभालीतल्या तुमच्या वाट्याचा, आणि मोठ्या दुरुस्त्यांच्या बिलांचा.

कौन्सिलला ही घरं परत का हवीत? १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपलं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं अशी गेली. आज कौन्सिलच्या घरासाठी १३ लाखांहून जास्त कुटुंबं यादीत आहेत. बेघर कुटुंबांना तात्पुरत्या भाड्याच्या खोल्यांत ठेवण्याचा खर्च कौन्सिलांना झेपेनासा झाला आहे. म्हणून विकलेली घरं परत घ्यायची. लंडनच्या महापौरांनी २०२१ मध्ये त्यासाठी वेगळी योजनाही आणली. मात्र पैसा सगळीकडे सारखा नसतो. एका बरोमध्ये (लंडनच्या एका पालिकेच्या हद्दीत) तुमच्यासारख्या फ्लॅटवर उड्या पडत असतील, तर रस्त्यापलीकडच्या बरोमध्ये 'सध्या निधी नाही' एवढंच उत्तर येईल.

आधी आपली वाट ओळखा

कौन्सिलला विकण्याच्या वाटा तीन आहेत. किंमत, खर्च आणि तुमचे हक्क वाटेप्रमाणे बदलतात.

पहिली वाट सक्तीची. फ्लॅट राइट टू बायमधून विकला गेल्याला अजून १० वर्षं झाली नसतील, तर बाजारात नेण्याआधी तो जुन्या घरमालकाला, म्हणजे बहुधा कौन्सिललाच, देऊ करावा लागतो. हा नियम ऑगस्ट २००५ पासूनचा. मूळ भाडेकरूकडून तुम्ही सहाव्या वर्षी विकत घेतला असेल तरी उरलेल्या चार वर्षांत ही अट तुमच्याही डोक्यावर असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. नवरा-बायकोत किंवा वारसाहक्काने होणाऱ्या हस्तांतरांना सूट आहे.

दुसरी वाट राजीखुशीची. १० वर्षं उलटून गेली आहेत, तुम्हाला विकायचं आहे, कौन्सिलला घ्यायचं आहे. बंधन कोणावरच नाही. तीन-चार बेडरूमची घरं, तळमजल्यावरची घरं, लिफ्ट असलेल्या इमारतीतली घरं कौन्सिलला लवकर हवी असतात. वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ घेऊन गेलात तर फार उत्साह दिसणार नाही.

तिसरी वाट पाडकामाची. तुमची इस्टेट, म्हणजे कौन्सिलच्या इमारतींची वसाहत, पाडून नवी बांधायची आहे आणि कौन्सिल एकेक लीजहोल्डरला (लीजवर फ्लॅट घेतलेल्याला) गाठते आहे. इथे मागे कंपल्सरी परचेस ऑर्डर उभी असते, म्हणजे आपल्याकडच्या भूसंपादनासारखंच. या वाटेवर बाजारभावाच्या वर भरपाई मिळते. किमान वर्षभर स्वतः राहत असाल तर बाजारभावाच्या १० टक्के होम लॉस पेमेंट (राहतं घर गेल्याची भरपाई), ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर साधारणपणे ७.५ टक्के, जास्तीत जास्त ७५,००० पौंड. शिवाय सामान हलवणं, वकील, सर्व्हेअर यांचा वाजवी खर्च. स्वतः राहणाऱ्याला नव्या घराची स्टॅम्प ड्यूटीसुद्धा. ऑर्डर निघण्याआधी समझोत्याने विकलं तरी हीच भरपाई मागायची, आणि ती मिळणार आहे हे लेखी घ्यायचं. घर पाडणार या बातमीनेच भाव पडला असेल तर ती घट धरायची नसते. योजना नसतीच तर काय भाव आला असता, ते बघतात.

ऑर्डर म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. साउथवर्कमधल्या एल्सबरी इस्टेटची ऑर्डर २०१६ मध्ये मंत्र्यांनी नाकारली होती, आणि तिथल्या लीजहोल्डरांचं काय होणार हा त्यातला मोठा मुद्दा होता. तो निर्णय पुढे रद्द होऊन चौकशी नव्याने झाली. तरी चार लीजहोल्डर एकत्र आले की वाटाघाटीत वजन येतं, एवढं त्यातून दिसलं.

वाट कुठलीही असो, एक गोष्ट आधी बघून ठेवा. विकल्यावर राहणार कुठे? राहतं घर आपणहून विकलं आणि मग बेघर म्हणून त्याच कौन्सिलच्या दारात उभे राहिलात, तर 'जाणूनबुजून बेघर झालात' असा शिक्का बसू शकतो आणि कायमचं घर देण्याची जबाबदारी कौन्सिल झटकू शकते. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) घेत असाल तर खात्यात १६,००० पौंडांहून जास्त शिल्लक झाली की ते थांबतं. दुसरं घर घेण्यासाठी बाजूला ठेवलेली विक्रीची रक्कम मात्र साधारण सहा महिने मोजत नाहीत.

कागद काढा

लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून टायटल रजिस्टर (मालकीचा उतारा) ७ पौंडांत मिळतं. सरकारीसारखी दिसणारी महागडी संकेतस्थळं बरीच आहेत, तिकडे जाऊ नका. रजिस्टरच्या 'बी' भागात मालकाच्या नावाखाली बंधनं लिहिलेली असतात. कौन्सिलला आधी विचारल्याशिवाय विक्री नोंदवू नये अशी ओळ तिथे असेल तर तुम्ही पहिल्या वाटेवर आहात. लीजची प्रतही मागवा आणि किती वर्षं उरली ते मोजा. ८० वर्षांच्या खाली गेलेल्या लीजचा भाव उतरतो. अशा वेळी कौन्सिलशी बोलण्याआधी सर्व्हेअरला विचारा: लीज वाढवून मग विकणं परवडेल, की ती जमेस धरून भाव मागायचा?

स्वतः राइट टू बायमधून घेतलं असेल आणि पाच वर्षं झाली नसतील तर सवलत परत करावी लागते. पहिल्या वर्षी विकलं तर सगळी, दुसऱ्या वर्षी ८० टक्के, मग ६०, ४०, २०. लोक गफलत करतात ती इथे: परतफेड मूळ रकमेवर होत नाही, आजच्या किमतीच्या प्रमाणात होते. समजा ३,००,००० पौंडांच्या घरावर ९०,००० ची सवलत मिळाली होती, म्हणजे ३० टक्के. तिसऱ्या वर्षी घर ३,२०,००० ला विकलं. आता ३० टक्के म्हणजे ९६,०००, आणि त्याचे ६० टक्के, ५७,६०० पौंड, परत द्यायचे. तुम्ही नवं किचन वगैरे करून जी किंमत वाढवली ती या हिशेबातून वगळायची असते. त्या कामांच्या पावत्या शोधून ठेवा. बाजारातून घेणाऱ्याला ही परतफेड लागत नाही.

कौन्सिलला लिहा

पत्र जातं होम ओनरशिप किंवा लीजहोल्ड सर्व्हिसेस नावाच्या विभागाकडे. पहिल्या वाटेवर असाल तर साधा ईमेल पुरत नाही, रीतसर ऑफर नोटीस लागते. घर विकायचं आहे, आधी तुम्हाला देऊ करण्याची अट आहे, पूर्ण पत्ता, किती बेडरूम, हीटिंग कोणतं, घेतल्यापासून काय सुधारणा केल्या, आणि उत्तर कुठे पाठवायचं, हे सगळं त्यात हवं. नोटीस सॉलिसिटरकडून गेलेली बरी, आणि पोच ठेवायची. कारण नोटीस पोचल्यापासून कौन्सिलला ८ आठवडे मिळतात. तेवढ्यात होकार आला नाही तर तुम्ही कोणालाही विकायला मोकळे. मात्र १२ महिन्यांत विक्री झाली नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते. होकार आला तर करार करायला साधारण १२ आठवडे.

दुसऱ्या वाटेवर अशी कुठलीही घड्याळं नाहीत, आणि तीच तिची डोकेदुखी आहे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, मार्चअखेरीला पैसा संपतो, एप्रिलमध्ये नवा अधिकारी येतो. म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी लेखी विचारा: या वर्षीचा निधी शिल्लक आहे का, मंजुरी कोण देतं, आणि माझ्या सर्व्हेअर-वकिलाच्या खर्चातला काही भाग तुम्ही देता का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा 'नाही' येतं, तरी विचारायचं. आणि कौन्सिलचा होकार पक्का होईपर्यंत बाजारातल्या एजंटाला नकार देऊ नका.

फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर कौन्सिलला घर बहुतेक वेळा रिकामं हवं असतं. कारण न देता भाडेकरूला काढण्याची जुनी सेक्शन २१ ची नोटीस १ मे २०२६ पासून गेली. विकायचं म्हणून घर रिकामं करून घ्यायला आता चार महिन्यांची नोटीस लागते, आणि भाडेकरूचं पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी त्याला बाहेर काढता येत नाही. तारखा ठरवताना हे आधी धरा.

व्हॅल्युअर यायच्या आधी

घरातून एक फेरी मारा, पण कौन्सिलच्या नजरेने. खासगी गिऱ्हाईक ओपन किचन बघून खूश होतं. कौन्सिल विचारते, भिंत पाडायची परवानगी कुठे आहे? आपल्या घरांत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे फोडणीचा धूर बाहेर जावा म्हणून बाहेरच्या भिंतीला भोक पाडून बसवलेला एक्झॉस्ट फॅन. ती भिंत तुमची नाही. दुसरी गोष्ट फ्लॅटचा मुख्य दरवाजा. कौन्सिलने दिलेला दरवाजा आग अर्धा तास थोपवणारा असतो. तो काढून सुंदर लाकडी दरवाजा लावला असेल, किंवा आपोआप बंद होण्यासाठी वर बसवलेला लोखंडी हात त्रास देतो म्हणून काढून टाकला असेल, तर व्हॅल्युअर त्याचा फोटो काढणारच. उशिरा घेतलेली परवानगी बहुतेक मिळते, फी भरावी लागते. ती आधीच मागा. ऐन करारात हा मुद्दा निघाला तर आठवडे जातात. एनर्जी सर्टिफिकेट १० वर्षं चालतं, तुमचं संपलं असेल तर नवं करून घ्या.

भाव

कौन्सिलचा व्हॅल्युअर येतो, लेझरने खोल्या मोजतो, खिडकीच्या कोपऱ्यातल्या बुरशीचा फोटो काढतो, वीस मिनिटांत जातो. काही आठवड्यांनी आकडा येतो. हा आकडा म्हणजे सुरुवात समजा. आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य असलेला, त्याच भागात कौन्सिलचे फ्लॅट तपासण्याचा सराव असलेला स्वतंत्र सर्व्हेअर नेमा. काही शे पौंड जातात, पण या सगळ्या व्यवहारात हात आखडायची ही जागा नव्हे. पाडकामाच्या वाटेवर तर त्याची वाजवी फी कौन्सिलच देते.

वाद घालायचा तो तुलनेच्या घरांवर. व्हॅल्युअरने कोणते सौदे धरले ते मागा. तुमच्या फ्लॅटला दोन बाजूंनी उजेड आणि बाल्कनी असेल, आणि तुलनेला घेतलेला फ्लॅट कचऱ्याच्या खोलीशेजारी असेल, तर तसं लिहून कळवा. विकलेल्या घरांच्या किमती लँड रजिस्ट्रीच्या यादीत फुकट बघता येतात. एजंटच्या जाहिरातीतल्या मागणीच्या किमती दाखवू नका, त्यांना कोणी विचारत नाही.

पहिल्या वाटेवर एकमत झालं नाही तर डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअर, म्हणजे सरकारी मूल्यमापक, भाव ठरवतो आणि त्याची फी तुम्हाला पडत नाही. दुसऱ्या वाटेवर असा पंच नाही. पटलं तर विका, नाहीतर उठा. एजंटची फी वाचते म्हणून थोडं कमी घ्या, असं अधिकारी सुचवतात. थोडं कमी घ्यायला हरकत नाही, पण एजंटची फी दीड-दोन टक्क्यांच्या आसपास असते. त्यासाठी दहा टक्के सोडणं हा हिशेब झाला नाही.

सर्व्हिस चार्जचा हिशेब

सगळ्यात जास्त पैसा हातून निसटतो तो इथे. कौन्सिल सर्व्हिस चार्ज एप्रिल ते मार्च अंदाजाने आकारते आणि खरा आकडा वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी कळवते. तुम्ही ऑक्टोबरमध्ये विकलंत तर वर्षाचा हिशेब अजून लागायचा असतो, म्हणून तुमच्या पैशातून काही रक्कम राखून ठेवू असं म्हणतात. खासगी गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते समजू शकतं. इथे बिल करणारा आणि घेणारा एकच आहे. तेव्हा ठरलेल्या तारखेपर्यंतचा हिशेब पूर्ण आणि अंतिम, पुढे एकमेकांकडून काही येणं नाही, असं कलम करारात घालायला सॉलिसिटरला सांगा. जुनी थकबाकी असेल तर ती किमतीतून कापली जाणारच. तिच्यातल्या कुठल्या बिलावर तुमचा वाद आहे ते आधीच लिहून द्या.

आता मोठ्या कामांचं बघा. छप्पर, लिफ्ट, खिडक्या. एखाद्या कामात लीजहोल्डरचा वाटा २५० पौंडांहून जास्त येणार असेल तर कौन्सिलला सेक्शन २० ची नोटीस काढून सल्लामसलत करावी लागते. अशी नोटीस तुमच्याकडे आली असेल तर तिचं काय होणार हे किमतीबरोबरच ठरवा. होतं असं: व्हॅल्युअर लिहितो, खिडक्या जुन्या आहेत, सबब किंमत इतकी कमी. तिकडे सर्व्हिस चार्ज विभाग त्याच खिडक्या बदलण्याच्या बिलातला तुमचा वाटा विक्रीच्या पैशातून कापून घेतो. एकाच खिडकीसाठी दोनदा पैसे गेले, आणि दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर. व्हॅल्युएशनचा अहवाल आणि मोठ्या कामांचं बिल शेजारी-शेजारी ठेवून हे दाखवून द्यायचं काम तुमचं. दुरुस्ती झाली असं धरून किंमत लावा आणि बिलाचे पैसे घ्या, किंवा आहे त्या स्थितीत किंमत लावा आणि बिल सोडा. यातलं एक काय ते निवडा म्हणावं. गुंता वाढला तर लीज नावाची सरकारी मदतीवर चालणारी सल्ला संस्था फुकट सल्ला देते.

सॉलिसिटर, सह्या, किल्ल्या

यापुढचं काम नेहमीच्या विक्रीसारखं. सॉलिसिटर स्वतःचा नेमा. कौन्सिलचा कायदा विभाग कितीही गोड बोलला तरी तो त्यांचा. प्रॉपर्टी माहितीचे फॉर्म भरा, बँकेकडून कर्जफेडीचा आकडा मागवा, ठरावीक मुदतीच्या व्याजदरातून बाहेर पडायचा दंड किती ते विचारा. लीजच्या व्यवस्थापनाच्या कागदांसाठी कौन्सिल विक्रेत्याकडून काही शे पौंड घेते. घेणारी तीच असल्यावर ही फी माफ करा म्हणायचं. करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतं. नव्या घराची अनामत त्याआधी भरू नका.

भारतात परत गेलेल्यांना एक अडचण येते. हस्तांतराच्या दस्तावर सही करताना साक्षीदार प्रत्यक्ष समोर हवा, व्हिडिओ कॉलवरचा चालत नाही. पुण्यात बसून सही करायची तर साक्षीदार कोण चालेल आणि ओळखपत्रांच्या प्रती कोणाकडून प्रमाणित करायच्या, हे सॉलिसिटरला आधी विचारा. मूळ कागद कुरिअरने पोचायला वेळ लागतो तोही धरा.

शेवटच्या दिवशी मीटरचे फोटो काढा, किल्ल्यांबरोबर इमारतीचे फॉबही (दार उघडायच्या इलेक्ट्रॉनिक चाव्या) मोजून द्या आणि पोच घ्या. कौन्सिल टॅक्सच्या विभागाला वेगळं कळवावं लागतं. घर कौन्सिलनेच घेतलं असलं तरी त्यांना ते कळलेलं असेलच असं नाही. सर्व्हिस चार्जचा डायरेक्ट डेबिट शेवटचं शून्य शिलकीचं पत्र आल्यावरच बंद करा.

कॅपिटल गेन्स टॅक्स: सगळा काळ स्वतः राहत असाल तर बहुतेक काही लागत नाही. राहून मग सोडलं असेल तर मालकीचे शेवटचे ९ महिने राहिल्यासारखेच धरतात. भाड्याने दिलेल्या काळाच्या नफ्यावर १८ किंवा २४ टक्के. कर लागत असेल तर व्यवहार पुरा झाल्यापासून ६० दिवसांत कळवून भरायचा. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी नसाल तर कर शून्य असला, अगदी तोटा झाला असला, तरी त्याच ६० दिवसांत कळवावंच लागतं, नाहीतर दंड होतो. भारतात रहिवासी झाला असाल तर तिथेही हा नफा दाखवावा लागू शकतो. इथे भरलेल्या कराची वजावट मागता येते, पण त्यासाठी कर भरल्याचे इथले कागद तिथल्या सीएच्या हातात रिटर्नच्या तारखेआधी पडायला हवेत.